खेळाच्या बाईंची प्रश्नावली

आमच्या शाळेत खेळाच्या बाईंच्या आवाजावर घड्याळ लावावं अशी परिस्थिती होती. माझी संगणकाची खोली दुसऱ्या मजल्यावर, त्यांचा हॉल तळमजल्यावर, मध्ये दोन जिने आणि दोन बंद दारं. तरी खालून "लाईन सरळ!" असं आलं की माझ्या वर्गातली मुलंही पाठ ताठ करून बसायची. मुलांनी त्यांचं नाव भोंगा ठेवलं होतं. बाईंना ते माहीत होतं आणि माझा अंदाज असा की मनातून आवडतही होतं.

वय त्रेपन्न. तरुणपणी भालाफेक करायच्या, त्यामुळे उजवा खांदा अजूनही डाव्यापेक्षा जरा वर. सत्तावीस वर्षं त्याच हॉलमध्ये काढलेली. लाकडी जमिनीच्या कुठल्या तीन फळ्या करकरतात, कुठल्या गादीची शिवण उसवलीय, कुठल्या खिडकीची जाळी बॉल लागला की निसटते, सगळं तोंडपाठ. गळ्यात एका दोरीला शिट्टी आणि सामानाच्या कपाटाची चावी. कडक होत्या, पण कुणाचा पाय मुरगळला तर त्या मुलाला पाठुंगळी घेऊन दवाखाना गाठणाऱ्याही त्याच.

दोन वर्षांपूर्वी शहराबाहेर मालाची मोठी गोदामं उभी राहिली आणि तिथल्या कामासाठी लांबलांबहून कुटुंबं आली. त्यांची मुलं आमच्या शाळेत. शाळा इंग्रजी माध्यमाची आणि या मुलांना इंग्रजीचा गंध नाही. पाचवी-सहावी मिळून अशी तेवीस मुलं, घरी बोलायच्या भाषा चार. गणिताच्या तासाला ती आकड्यांवर निभावून न्यायची, विज्ञानाला फळ्यावरचं मुकाट उतरवून घ्यायची. स्टाफरूममध्ये सगळ्यांचं एकमत होतं की या मुलांची खरी चैन खेळाच्या तासाला. तिथे भाषा कशाला लागते? बॉल टाकला की झालं.

बाईंचंही तेच मत होतं. मुलाला सांगितलेलं कळलं नाही तर त्यांच्याकडे एकच उपाय होता. तेच वाक्य मोठ्याने म्हणायचं. तरी नाही कळलं तर आणखी मोठ्याने, आणि सावकाश.

त्या वर्षी मुख्याध्यापिकांनी फतवा काढला. प्रत्येक विषयाच्या शिक्षकाने मुलांकडून प्रश्नावली भरून घ्यायची. बाईंनी कुठल्यातरी जुन्या कागदावरून दहा प्रश्न इंग्रजीत छापून घेतले आणि तेवीस कागद गोळा करून माझ्याकडे आल्या, बेरजा मारून घ्यायला. चेहरा नुसता फुललेला.

"सर, बघा तरी! सगळ्यांनी सगळीकडे 'नेहमी' या चौकोनात खूण केलीय. एकही वाकडं उत्तर नाही."

मी कागद चाळले. सातवा प्रश्न वाचला आणि गप्प बसावं की बोलावं ते कळेना.

"बाई, सातवा प्रश्न आहे, 'खेळाच्या तासाला मला दुखापत होते का?'"

"बरं, मग?"

"तिथेही तेवीसच्या तेवीस जणांनी 'नेहमी'लाच खूण केलीय."

बाईंनी कागद हातात घेतला, चष्मा वर-खाली केला. मग खुर्चीत बसल्या. "म्हणजे पोरांनी वाचलंच नाही."

"वाचता आलं नाही," मी म्हटलं. "पहिल्याने जिथे खूण केली, तिथेच बाकीच्यांनी केली."

दुसरी कुणी असती तर तोच अहवाल वर पाठवून मोकळी झाली असती. मुख्याध्यापिकांना तो आवडलाही असता. बाईंनी ते तेवीस कागद माझ्या टेबलावरच्या रद्दीत टाकले आणि म्हणाल्या, "परत घेऊ. पण त्यांना कळेल असं."

शाळेकडे पंधरा टॅब होते, मीच त्यांचा राखणदार. ठरलं असं की टॅबवर प्रश्न मुलाला त्याच्या भाषेत ऐकू येईल आणि उत्तर चित्राला बोट लावून द्यायचं. आवाज कुणाचे? शाळा सुटताना मी फाटकाशी उभा राहिलो आणि न्यायला आलेल्या आयांना, मावश्यांना, एका आजोबांना मोबाईलसमोर बोलतं केलं. आधी लाजले, मग एकेकाने तीन-तीनदा ध्वनिमुद्रण करून घेतलं, पहिलं बरं आलं नाही म्हणून.

चित्रं बाईंनी स्वतः काढली आणि पहिली परीक्षा घेतली आपल्या सासूबाईंची. सासूबाई ऐंशीच्या, अक्षरओळख नाही, पण जीभ तल्लख. दुसऱ्या दिवशी बाईंनी मला सगळं साग्रसंगीत सांगितलं.

"अगं, हा रडतोय की याला शिंक येतेय?" सासूबाईंनी पहिल्याच चित्रावर विचारलं.

"रडतोय, आई."

"आणि हा? याचे दात दुखतात का?"

"तो हसतोय!"

"असं हसतात होय? मला तर चावायला आल्यासारखा वाटतोय. पोरं घाबरतील, बघ."

पाच चेहऱ्यांचे तीन झाले. ते तीनही सासूबाईंनी पास केले तेव्हाच टॅबवर चढले. एक अट बाईंची. नाव कुणीही लिहायचं नाही, आणि उत्तरं भरताना त्या स्वतः हॉलमध्ये थांबणार नाहीत.

उत्तरं आली त्या दुपारी मी बाईंना वर बोलावलं. चौथा प्रश्न होता, 'बाई मोठ्याने बोलतात तेव्हा मला काय वाटतं?' दोघांनी मजा वाटते म्हटलं होतं. चौघांनी, माझं काहीतरी चुकलं असं वाटतं. राहिलेल्या सतरा जणांनी एकच उत्तर दिलं होतं. बाई माझ्यावर रागावल्या.

"रागावले कधी मी?" बाई म्हणाल्या. "सर, तुम्हीच सांगा. मी त्यांना कळावं म्हणून..."

सहाव्या प्रश्नाने त्यांना त्याहून जास्त लागलं. 'सांगितलेलं कळलं नाही तर मी काय करतो?' बावीस जणांचं उत्तर, दुसरे काय करतात ते बघतो, मग करतो. बाई उठल्या, खाली गेल्या आणि आपली नोंदवही घेऊन आल्या. त्यात या मुलांपैकी अकरा जणांच्या नावांपुढे त्यांच्याच ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं, 'उशिरा सुरुवात करतो. लक्ष नसतं.'

"बघून करायचं म्हटलं की उशीर होणारच की," त्या अगदी हळू म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांचा इतका हळू आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

दुसऱ्या दिवशी त्या वहीत नवं पान आलं होतं. जुनं पान त्यांनी फाडलं नाही. नव्याच्या मागे टाचून ठेवलं. म्हणाल्या, "राहू दे. मला दिसलं पाहिजे."

ओरडणं त्यांनी त्या दिवसापासून सोडायचं ठरवलं. पण ओरडायचं नाही तर सांगायचं कसं? इथे मी शहाणपणा केला, ते कबूल केलं पाहिजे. मी म्हटलं, टॅबवर भाषांतराचं अ‍ॅप टाकतो. तुम्ही इंग्रजीत सूचना लिहा, प्रत्येक मुलाला त्याच्या भाषेत दिसेल. प्रश्नावलीसाठी माणसांचे आवाज गोळा करताना जीव मेटाकुटीला आला होता आणि इथे एका बोटात काम होत होतं. बाई खूश झाल्या. मीही माझ्यावर खूश होतो.

पहिले दोन आठवडे सगळं सुरळीत चाललं. तिसऱ्या आठवड्यात बाईंनी हॉलच्या कडेने पाच ठिकाणी प्लास्टिकचे शंकू मांडले आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा व्यायाम ठेवला. या प्रत्येक जागेला खेळाच्या भाषेत स्टेशन म्हणतात. एका ठिकाणचा व्यायाम संपला की पुढच्या स्टेशनवर जायचं. ही सूचना टॅबवर गेली, 'तीन नंबरच्या स्टेशनवर जा. वीस उड्या मारा. तिथेच थांबा.'

पाचवीत एक मुलगी होती. कमरेपर्यंत वेणी, म्हणून सगळे तिला वेणीच म्हणायचे. तिची भाषा बोलणारं त्या वर्गात दुसरं कुणीही नव्हतं. तिने टॅब वाचला, परत वाचला, बाकावर नीट ठेवला, बुटांची नाडी घट्ट बांधली आणि दाराकडे निघाली. बाईंनी तिला जाताना पाहिलं. त्यांना वाटलं, बाथरूमला निघाली.

दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. बाईंनी बाथरूम पाहिलं, वाचनालय पाहिलं, मग माझ्या खोलीत आल्या. "वेणी इथे आलीय का?" त्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं. फाटकावरचा वॉचमन पाण्याचा टँकर आत घेत होता, तेवढा वेळ फाटक सताड उघडं होतं. त्याला काहीच सांगता येईना.

मी हॉलमध्ये आलो. बाकावर तिचा टॅब अजून चालू होता. तिच्या भाषेतली ती ओळ मी अ‍ॅपमध्ये उलटी घातली, परत आपल्याला कळेल अशी. आलेलं उत्तर मी मोठ्याने वाचलं, "रेल्वे स्थानकात तीन नंबरच्या फलाटावर जा."

मी मान वर केली तेव्हा बाई हॉलमध्ये नव्हत्या.

स्टेशन शाळेपासून दीड किलोमीटर. मी स्कूटर काढली. बाई मला चौकाच्याही पुढे सापडल्या, शिट्टी छातीवर आपटत धावताना. मागे बसल्या. पादचारी पूल चढून आम्ही तीन नंबरला उतरलो. फलाट जवळजवळ रिकामा होता. मधल्या बाकाशी वेणी उभी होती, हात बाजूला, ताठ. शेजारी फलाट झाडणारी बाई झाडू टेकवून उभी.

"ही तुमची का?" तिने विचारलं. "आली आणि उड्याच मारायला लागली. मला वाटलं, थंडी वाजतेय. कुठे जायचंय म्हटलं तर बोलत नाही. पाणी दिलं, ते प्यायली. पण इथून हलायला तयार नाही, म्हणून मीही थांबले."

वेणीने बाईंना पाहिलं. आपल्याला येत असलेलं इंग्रजी तिने गोळा केलं आणि म्हणाली, "मॅडम. ट्वेंटी. फिनिश."

बाई तिच्यासमोर फलाटावरच खाली बसल्या. "गुड," म्हणाल्या, "व्हेरी गुड." वेणी बावरून माझ्याकडे बघत राहिली. सांगितलं तसंच तर केलं होतं तिने. दोन महिन्यांपूर्वी आईवडिलांबरोबर ती याच स्टेशनवर उतरली होती, म्हणून रस्ता ठाऊक होता. तीन नंबरला कसं जायचं ते तिने पाट्यांवरचे आकडे बघून शोधलं. माझ्या एका बोटाच्या कामाने अकरा वर्षांच्या मुलीला भर रस्त्यातून एकटीला पाठवलं होतं. त्या दिवशी मी कानाला खडा लावला.

दुसऱ्या दिवशी तिचे आईवडील आले. गोदामातल्या सुपरवायझर बाईंना दोन्ही भाषा येत होत्या, त्या मध्ये बोलायला आल्या. मुख्याध्यापिकांनी सुरुवात केली, "ही एक तांत्रिक चूक होती."

"तांत्रिक नाही," खेळाच्या बाई मध्येच म्हणाल्या. "मला ती भाषा वाचता येत नाही. त्यात काय लिहिलंय ते मला माहीत नव्हतं आणि तरी मी ते मुलीच्या हातात दिलं. चूक माझी आहे. तुम्ही त्यांना असंच सांगा, शब्द बदलू नका."

मला वाटतं सुपरवायझर बाईंनी खरंच बदलले नाहीत, कारण वेणीच्या आईचा चेहरा ऐकता ऐकता बदलत गेला. वडील मान खाली घालून बसले होते. आई गोदामाचं जाकीट घालूनच आली होती, कामाची पाळी सुरू व्हायला तासभर होता. ती बरंच बोलली, आवाज चढवून. सुपरवायझर बाईंनी त्यातलं एवढंच सांगितलं, "म्हणतात, माझी मुलगी ऐकणारी आहे. सांगाल ते करते. म्हणून तिला काय सांगता ते आधी बघत जा."

"बरोबर आहे त्यांचं," बाई म्हणाल्या. मग पुढे, "त्यांना विचारा, मला बघायला मदत करतील का?"

मुख्याध्यापिकांनी कपाळाला हात लावला. वेणीच्या आईने तेव्हा उत्तर दिलं नाही.

बाईंना लेखी समज मिळाली. मी जाऊन सांगितलं की अ‍ॅपची कल्पना माझी होती, तर मलाही मिळाली. टॅब तीन आठवडे कपाटात बंद. त्या तीन आठवड्यांत बाई सगळं हातवारे करून शिकवत होत्या, आणि संध्याकाळी खांदा शेकत बसायच्या.

चौथ्या आठवड्यात वेणीची आई शाळेत आली, रात्रपाळी संपवून, डोळ्यांत झोप. सुपरवायझर बाईंना बरोबर घेऊन. बाईंनी सूचनांची यादी समोर ठेवली आणि अ‍ॅपने केलेली भाषांतरं ऐकवली. पहिल्या चार ओळी ती माऊली नुसती ऐकत होती. पाचव्या ओळीला तिला हसू फुटलं, ते आवरेना. 'धावा' साठी यंत्राने जो शब्द दिला होता, तो त्यांच्यात चोर पळून जातो तेव्हा वापरतात. 'पाठ टेकवा' चं तर असं काही झालं होतं की सुपरवायझर बाईंनी ते सांगायलाच नकार दिला.

"म्हणजे मी दोन-तीन आठवडे पोरीला चोरासारखं पळायला सांगत होते!" बाई म्हणाल्या. तिघी हसल्या. त्या दिवशी त्यांनी चाळीस वाक्यं दुरुस्त केली.

त्यानंतर बाईंनी रीतच बदलली. प्रत्येक व्यायामाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, त्यात मुलंच करून दाखवणार. इंग्रजी शब्द सावकाश बोलायचा, भिंतीवर प्रोजेक्टरने मोठ्या अक्षरात दिसणार. त्याखाली चार भाषांतले आवाज, माणसांचे, आणि प्रत्येक आवाज दुसऱ्या कुणीतरी ऐकून तपासलेला. जिथे दुसरं माणूस मिळालं नाही तिथे तो शब्द थांबून राहायचा. काम कासवाच्या गतीने चाललं होतं आणि मला अ‍ॅपची आठवण यायची, पण मी तोंड उघडलं नाही.

वेणी व्हिडिओत यायला तयार नव्हती. तिला टॅब धरायला आवडायचं. हळूहळू ती सहावीतल्या दांडग्या मुलींनाही हुकूम सोडायला लागली, "अगेन. स्लो. फूट नॉट सी!" पाऊल दिसत नाही म्हणून तिने एकीला एकच उडी नऊ वेळा मारायला लावली. शंकूंच्या त्या पाच जागांना आता वर्गात कुणी स्टेशन म्हणत नाही. पोरं प्लॅटफॉर्म म्हणतात, आणि वेणीच सगळ्यात जास्त हसते.

इंग्रजीच्या मॅडम एकदा स्टाफरूममध्ये जरा नाक मुरडूनच म्हणाल्या, "माझ्या तासाला तोंडात मूग आणि हॉलमध्ये 'माय टर्न, माय टर्न' करून भांडतात!" बाईंनी त्यांना तासाला येऊन बसायचं आमंत्रण दिलं. त्या दोनदा येऊन बसल्या. मग वाक्यं दोघी मिळून लिहू लागल्या.

वर्षअखेरीला तीच प्रश्नावली परत घेतली. चौथ्या प्रश्नाला 'बाई माझ्यावर रागावल्या' म्हणणारी मुलं सतरावरून पाचावर आली होती. मी अभिनंदन केलं. बाई त्या पाचावरच अडल्या.

"कोण असतील हो हे पाच?"

"टॅबच्या नंबरावरून शोधता येईल," मी म्हटलं. "कुठल्या मुलाकडे कुठला टॅब होता, माझ्याकडे यादी आहे."

बाईंनी मान हलवली. "नको. नाव विचारणार नाही असं सांगून विचारलंय." मग म्हणाल्या, "ते पाच कोण हे मला माहीत नाही, म्हणजे सगळ्यांशीच नीट वागलं पाहिजे. आली का पंचाईत!"

शेवटी मनातलं काही लिहायला रिकामी जागा ठेवली होती. बहुतेकांनी चेहरे काढले होते, एकाने बॉल. एकाने मात्र इंग्रजीत लिहिलं होतं, स्वतःच्या अकलेने, चुकांसकट. त्याचा अर्थ असा होता की मॅडम आता ओरडत नाहीत, पण मी मागे उभा असतो, मला काहीच ऐकू येत नाही. बाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. दुसऱ्या दिवसापासून मागच्या रांगेला पुढे आणायला लागल्या, दर पाच मिनिटांनी रांगा बदलून.

नवं वर्ष सुरू झालं तेव्हा दोन भाऊ दाखल झाले, सहावीत आणि चौथीत. त्यांची भाषा आमच्यापैकी कुणी ऐकलेली नव्हती, माझ्या अ‍ॅपच्या यादीत तर तिचं नावच नव्हतं. मी ते सांगतच हॉलमध्ये शिरलो. बाई करकरणाऱ्या फळ्यांच्या जरा बाजूला, जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या, समोर दोघे भाऊ, मध्ये मोबाईल. बाईंनी बॉल उचलला, मोबाईलचं बटण दाबलं आणि भुवया उंचावल्या. थोरल्या भावाने एक शब्द सांगितला. बाईंनी तो म्हणून दाखवला. धाकट्याने ठामपणे मान हलवली, नाही. त्याने तोंडाचा चंबू करून शब्द पुन्हा सांगितला. बाईंनीही चंबू केला.

"सर, यादीचं नंतर बघू," मान न वळवता त्या म्हणाल्या. "यांची आई चारला येतेय. तोवर मला हा एक शब्द तरी नीट यायला हवा."